आठ महिने बिटवॉर्डन: फणस ‘पीएच’चा की ‘एफ’चा?

गेल्या वर्षी गणपती उठले आणि घरातल्या पासवर्डांचा कारभार मी अंगावर घेतला. बाबांचं पेन्शन, आईची बँक, वीज, गॅस, शिवाय माझी नि नवऱ्याची खाती. तोवर माझी पद्धत चारचौघांसारखीच: एकच शब्द, पुढे ॲट आणि एक-दोन-तीन, साइटने बदलायला लावला की दोन-तीन-चार. आईची पद्धत त्यातल्या त्यात शहाणी. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं.

बिटवॉर्डन म्हणजे सगळे पासवर्ड एका ऑनलाइन तिजोरीत जपणारं आणि साइटवर आपणहून भरणारं ॲप. घेतलं ते फुकट म्हणून, खोटं कशाला बोलू. फुकट योजनेत पासवर्ड कितीही आणि फोन-लॅपटॉपही कितीही चालतात. आधी कीपासएक्ससी हे तसलंच दुसरं ॲप बघितलं होतं. त्यात सगळं आपल्याच कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत राहतं, पण ती फाइल सगळीकडे ताजी ठेवायचं काम आपलं. मला माझा आळस माहीत आहे. ऑनलाइन तिजोरीची धाकधूकही होतीच. २०२२मध्ये लास्टपास या अशाच दुसऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण ते कुलूप किती पक्कं हे ज्याच्या त्याच्या मुख्य पासवर्डवर, म्हणजे तिजोरी उघडणाऱ्या पासवर्डवर. म्हणून तो एक पासवर्ड नीट करायचा ठरवला.

आणि तिथेच आपटले. किमान १२ अक्षरं लागतात. मी चार असंबद्ध मराठी शब्द रोमनमध्ये लिहिले, हुशारी केल्यासारखं वाटलं. मग तीन आठवडे फोन बोटाच्या ठशावर उघडत राहिले. एका रविवारी लॅपटॉपने तो पासवर्ड मागितला. शब्द चारही आठवत होते. पण फणस मी पी-एचने लिहिला होता की एफने? वांगं डब्ल्यूने की व्हीने? (खरे शब्द हे नाहीत, उगाच करून बघू नका.) विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. तुम्हीच लिहून ठेवलेली खूण तेवढी ते मेलवर पाठवतात. माझी खूण काय होती? ‘आजोळचं झाड’. झाड मला माहीत होतं हो, स्पेलिंग हवं होतं! सहाव्या प्रयत्नाला उघडलं. त्याच दिवशी स्पेलिंगसकट कागदावर लिहून तो कपाटात ठेवला.

त्याच कागदावर मेलचा पासवर्डही आहे. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावलेलं नसेल तर नव्या फोनवरून लॉगिन करताना बिटवॉर्डन मेलवर कोड पाठवतं. मेलचा पासवर्ड फक्त तिजोरीतच असेल तर किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

क्रोममधले जुने पासवर्ड आत आणणं पाच मिनिटांचं काम. क्रोम सगळ्या पासवर्डांची यादी एका सीएसव्ही फाइलीत (साध्या मजकुराचा तक्ता) देतं, ती इथे चढवायची. मात्र त्या फाइलीत सगळं उघडंवाघडं, कुणीही वाचावं असं असतं. माझी महिनाभर डाउनलोड्समध्ये पडून होती.

रोजच्या वापरात सगळ्यात आवडलं ते त्याचं गप्प बसणं. साइटचा पत्ता जुळला नाही तर ते आपणहून पासवर्ड पुढे करत नाही. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ छाप मेसेजमधली लिंक बाबांनी उघडली होती. मी बघायला गेले तर पान हुबेहूब, पण बिटवॉर्डन ढिम्म. मग पत्ता नीट वाचला, दोन अक्षरं भलतीच.

याच सवयीने दिवाळीच्या सुमारास घाबरवलंही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यांवर जायला सांगितलं होतं. पत्ता बदलला आणि आईच्या बँकेच्या खऱ्या पानावरही ते गप्प! शाखेत फोन करून खात्री केली, मग जुन्या नोंदीत नवा पत्ता जोडला. एका नोंदीत कितीही पत्ते घालता येतात.

वैताग आणतात त्या आपल्याकडच्या साइट्स. एक पेस्टच करू देत नाही. दुसरीने माझा २० अक्षरी पासवर्ड मुकाट घेतला आणि लॉगिनच्या चौकटीत मात्र १५च्या पुढे अक्षर उमटेना. आता अशा ठिकाणांसाठी बिटवॉर्डनच्या जनरेटरमध्ये (तो नवे पासवर्ड आपणहून तयार करतो) लांबी १४वर आणते. फोनवरही सेटिंग्जमध्ये ऑटोफिलसाठी (पासवर्ड आपोआप भरण्यासाठी) बिटवॉर्डन निवडेपर्यंत काही दिसत नाही, हे कुणी सांगत नाही.

नवऱ्याबरोबर विजेचा आणि गॅसचा पासवर्ड वाटून घेतलाय. फुकटात दोघांनाच वाटता येतं, तिसऱ्या माणसासाठी पैसे. म्हणजे आई बाहेर. तिला त्याचं सोयरसुतक नाही. परवा तिच्या बँकेचा नवा पासवर्ड तयार करून दाखवला तर म्हणाली, “अगं, हा काय मंत्र आहे का? थांब, वही आणते.” आणि सगळी १४ अक्षरं, दुधाच्या हिशेबाखाली, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली.