मेडिक्लेम, ११ महिन्यांनंतर: एका खोलीने केलेला घोळ

५ लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम. बाकीची माहिती सगळ्यांकडे असतेच, ती पुन्हा लिहीत नाही. प्रश्न एकाच ओळीचा आहे: 'रूम रेंट, विमा रकमेच्या १ टक्का'. म्हणजे खोलीचं भाडं दिवसाला जास्तीत जास्त ५,०००. घेताना वाटलं, आपल्याला कुठे हॉटेलात राहायचंय!

ऑगस्टमध्ये रात्री अडीचला बायकोचं पोट दुखायला लागलं. घोडबंदर रोडवरचं जे हॉस्पिटल आधी दिसलं, तिथे गाडी वळवली. अपेंडिक्स. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) डेस्कवरची मुलगी म्हणाली, "सर, ट्विन शेअरिंग फुल्ल आहे, सिंगल देऊ?" ७,५०० ची. मनात हिशेब केला, चार दिवसांचे वरचे दहा हजार जातील. जाऊ देत.

इथेच फसलो. हॉस्पिटलात सर्जनची, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं, सगळं खोलीच्या वर्गावरून ठरतं. ऑपरेशन काही खोलीत होत नाही, थिएटर सगळ्यांना एकच. पण दर खोलीचा. आणि तुम्ही मर्यादेबाहेरची खोली घेतलीत की विमा कंपनी या फीसुद्धा त्याच प्रमाणात कापते. ५,००० भागिले ७,५००, म्हणजे दोन तृतीयांशच मंजूर. बिल १,४२,२००, मिळाले ९२,०००. उरलेले ५०,२०० काउंटरवर भरले. त्यात ४,२०० निव्वळ ग्लोव्ह्ज, मास्क वगैरेंचे. ते पॉलिसीत बसतच नाहीत.

तेव्हा लिहिलं असतं तर या पॉलिसीला एक स्टार दिला असता.

पण न्याय करायचा तर डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत आली. विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ पासून तसा नियमच आहे, पण पाळला जातो हे बघून चकित झालो. घरी येऊन बिल घेऊन बसलो, तर औषधं आणि तपासण्यांच्या ३६,००० वरही कात्री! औषधं, पॉलिसीत बसणारी कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. दोन ईमेल, एक तक्रार क्रमांक, सव्वीस दिवस. १२,००० परत आले. न मागता आले नसते. म्हणून आता अडीच स्टार.

नोव्हेंबरात रिन्यूअल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणजे माझे ४,४६४ वाचायला हवे होते. कंपनीने मूळ हप्ताच २४,८०० चा २७,९०० केला. सरकारने सोडलेल्यातले ३,१०० हिने उचलले.

रूम रेंटची मर्यादा काढायचे वेगळे २,६०० मागितले. कुरकुरत भरले. बायको म्हणते, त्या साडेसात हजारांच्या खोलीतला एसी तिने चारही दिवस बंदच ठेवला होता.