नागपूरचा उन्हाळा, एसीची खोली आणि ह्युमिडिफायर: वापरानंतरचा अनुभव

मागच्या मार्चअखेर घेतलेला चार लिटरचा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (खोलीतली हवा ओली करणारं यंत्र) अख्खा उन्हाळा चालला, पावसाळ्यात माळ्यावर गेला आणि थंडीत पुन्हा खाली आला. एवढ्या वापरावर बोलायला हरकत नाही. झोपेपुरते पैसे वसूल झाले. त्वचेसाठी घ्यायचा विचार असेल, तर मात्र जरा थांबा.

विदर्भात ही वस्तू पूर्वी लागत नव्हती, कारण कूलर होता. वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या ताट्यांतून आलेली हवा थंड व्हायची आणि ओलीही. आम्ही फ्लॅटमध्ये आलो, कूलर ठेवायला बाल्कनी उरली नाही, एसी बसला. एसी गारवा देतो, ओल देत नाही. एप्रिलमध्ये दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि तीच कोरडी हवा रात्रभर खोलीत फिरत राहते. परिणाम घरोघरी सारखेच: पहाटे घसा सुकून जाग, नाकात खपल्या, आणि आमच्या मुलाचा तर नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आतच घोळणा फुटायचा. डॉक्टरांनी नाकात सलाइनचे थेंब दिले आणि खोलीतली हवा जरा ओली ठेवा म्हणाले.

मशीनच्या आधी काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, हा माझा आग्रहच आहे. आमच्या खोलीत एसी २६ वर असताना आकडा ३० टक्क्यांच्या आसपास दिसायचा. घरातली आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के असावी असं सांगितलं जातं. ४० ते ४५ला आम्हाला बरं वाटतं. ५०च्या वर धुळीतले सूक्ष्म किडे फोफावतात, ६०च्या वर भिंतीला बुरशी. मापक नसेल तर आपण नुसतं धुकं बघून खूश होतो.

आता हिशेब. दहा बाय अकराची, दहा फूट उंच खोली ३० वरून ४५ टक्क्यांवर न्यायला कागदावर शंभर-सव्वाशे मिली पाणी पुरतं. प्रत्यक्षात रात्रीला दीड-दोन लिटर जातं. दाराच्या फटीतून जातं, आणि उरलेलं एसी खातो. एप्रिलमध्ये आमच्या एसीच्या पाइपमधून जेमतेम थेंब पडायचे. ह्युमिडिफायर लावला आणि खालची बादली भरायला लागली! कोरड्या हवेतली वाफ थंड कॉइलवर जमतच नव्हती, ओलावा वाढला तशी जमू लागली. म्हणजे एक यंत्र पाणी टाकतं, दुसरं काढतं. म्हणून एसी १८-२० वर ठेवणाऱ्यांनी याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. २६ला ठेवून पंखा हळू लावला की आकडा टिकतो. आणि यूएसबीवर चालणारे, पेल्याएवढे, रंगीत दिव्यांचे जे मिळतात, ते टेबलावर शोभतात, इतकंच.

अल्ट्रासॉनिकमध्ये एक छोटी चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक कण उडवते. आवाज जवळपास नाही, वीज बल्बइतकी. पण पाण्यातले क्षारही त्या कणांबरोबर उडतात. बोअरचं पाणी भरलं की दोन दिवसांत ड्रेसिंग टेबलवर पांढरी भुकटी. घरात एअर प्युरिफायर असेल तर त्याचा पीएम २.५चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आकडा चढतो, तो याचमुळे. नळाच्या पाण्यानेही भुकटी येते, कमी येते एवढंच. शेवटी आरओचं पाणी वापरतो. उकळलेल्या पाण्याचा उपयोग नाही, उकळून क्षार उडून जात नाहीत.

स्वच्छता हा खरा कंटाळवाणा भाग. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतायचं, टाकी उघडी वाळवायची, दर तिसऱ्या दिवशी आतून घासायची. चकतीवर क्षारांचा थर धरला की किराण्याच्या दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवते, मग मऊ ब्रश. हे जमणार नसेल तर घेऊच नका. शिळ्या पाण्यातले जंतू सरळ श्वासात जातात. टाकीत निलगिरी, अत्तर, डेटॉलसारखं काहीही टाकायचं नाही. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं दुकानात विकली जात होती. त्यांनी लोकांची फुफ्फुसं निकामी केली, हे २०११ मध्ये उघड झालं. मेलेल्यांत लहान मुलं आणि बाळंतिणीही होत्या.

फायदा? घसा आठवडाभरात सुधारला. पहाटे पाण्यासाठी उठणं बंद, त्यामुळे झोप सलग. मुलाचा घोळणा मे महिन्यात एकदाच फुटला, तोही बाहेर उन्हात खेळून आल्यावर. ओठ कमी फाटतात. घोरण्यावर शून्य परिणाम, तो विषय मी घरात पुन्हा काढलेला नाही.

त्वचेचं मात्र वेगळं. थंडीत महिनाभर लावून पाहिला: पिंढऱ्यांची खाज आणि टाचांच्या भेगा जिथल्या तिथे. आमच्याकडे खोल्या तापवत नाहीत, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री मापक तसाही ५०च्या आसपास असतो, मशीन काय करणार? कडकडीत पाण्याची आंघोळ कोमट केली, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावलं, साबण फक्त काखा-पायांपुरता ठेवला. त्याने फरक पडला, आणि त्याला वीजही लागत नाही.

मुंबई, कोकण, गोव्याच्या लोकांनी याच्या नादी लागू नये. तिकडे हवेत ओल आधीच जास्त आहे. अकोला, चंद्रपूर, जळगाव, सोलापूरकडे एसीत झोपत असाल तर घ्या. घेताना टाकीचं तोंड आत हात जाईल एवढं रुंद आहे का ते बघा. बरेच जण धुक्याच्या उंचीचे फोटो बघून ऑर्डर देतात आणि मग बाटली धुवायचा ब्रश शोधत बसतात. वरून पाणी ओतता येणारं मॉडेल बरं. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पलंगापासून तीन-चार फूट दूर, स्टुलावर ठेवा. जमिनीवर ठेवलं तर फरशी ओली होते आणि रात्री उठणारा घसरतो.