औली की गुलमर्ग? पैसे नेमके कुठे बुडतात

दिवाळी झाली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. नाताळची सुट्टी, 5 रात्री 6 दिवस, स्कीइंग आणि रोपवेसकट, आज बुक केलं तर सूट. सोबत दोन रकान्यांचा तक्ता असतो: उत्तराखंडातलं औली स्वस्त, काश्मीरमधलं गुलमर्ग महाग, बर्फ दोन्हीकडे ‘हमखास’. घरी चर्चा होते, एक ठिकाण ठरतं आणि अर्धी रक्कम यूपीआयने जाते. फसवणूक इथेच झालेली असते. ज्या गोष्टी बघून आपण औली किंवा गुलमर्ग निवडलं, त्यातली जवळपास एकही त्या एजंटच्या हातात नसते.

औलीचा रोपवेच घ्या. जोशीमठहून वर जाणारा सुमारे 4 किलोमीटरचा हा रोपवे जमीन खचू लागल्यावर जानेवारी 2023 मध्ये बंद करण्यात आला. तरीही ‘रोपवे समाविष्ट’ म्हणून पॅकेजं विकली जातात. तिथे पोहोचल्यावर ‘आज बंद आहे’ एवढंच उत्तर मिळतं आणि वर जायच्या टॅक्सीचे पैसे वेगळे मोजावे लागतात. कधी औलीतल्या छोट्या चेअरलिफ्टवर एक फेरी मारून आणतात आणि रोपवे झाला म्हणून सांगतात. चेअरलिफ्ट ही वेगळी सोय आहे, जेमतेम 800 मीटरची. रोपवे चालू आहे का, हे ज्या आठवड्यात पैसे भरायचे त्याच आठवड्यात रोपवे चालवणाऱ्या सरकारी गढवाल मंडल विकास निगमच्या कार्यालयात फोन करून विचारा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

गुलमर्गला हाच खेळ गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, तिकिटावर चालतो. गोंडोलाचे टप्पे दोन: गुलमर्ग ते कोंगडोरी पहिला, आणि तिथून अफरवट शिखराकडे, साधारण 3,950 मीटरपर्यंत, दुसरा. दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत आणि दुसऱ्यासाठी पहिलं लागतंच. पॅकेजात नुसतं ‘गोंडोला राइड’ लिहिलेलं असेल तर तो पहिलाच टप्पा समजा. ही तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर निघतात आणि बुकिंग ठरावीक दिवस आधीच खुलं होतं. त्यामुळे ऑक्टोबरात कुणी जानेवारीचं ‘कन्फर्म’ तिकीट दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय. स्क्रीनशॉट घेऊ नका. तुमच्या नावाचं, तारीख आणि टप्पा लिहिलेलं तिकीट पीडीएफमध्ये मागा, किंवा सरळ स्वतःच काढा. जोराचा वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण तिकीट एजंटच्या खात्यातून काढलेलं असेल तर परताव्यासाठी त्याच्याच मागे फिरावं लागतं.

मग हॉटेल. नावात गुलमर्ग आणि मुक्काम टंगमर्गला, किंवा नावात औली आणि मुक्काम जोशीमठला, हा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार. टंगमर्ग गुलमर्गच्या 13 किलोमीटर खाली आहे, जोशीमठ औलीहून रस्त्याने साधारण तेवढंच खाली. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटतं. पण जोशीमठची उंची 1,900 मीटरच्या आसपास, औलीचा उतार 2,500 ते 3,000 मीटरवर. वर बर्फ पडत असताना खाली नुसता पाऊस असू शकतो. शिवाय बर्फ पडला की साधी गाडी टंगमर्गच्या वर जात नाही. चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते, तिचं भाडं तिथल्या तिथे ठरतं आणि रोजचे दोन-तीन तास त्यात जातात. म्हणून हॉटेलचं नाव आधी लिहून घ्या, थेट हॉटेलला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: चालत उतारावर जाता येतं का, आणि या तारखांना आमच्या नावाची खोली आहे का. दुसऱ्या प्रश्नावर बरेच सौदे तिथेच उघडे पडतात.

‘स्कीइंग समाविष्ट’ म्हणजे बहुधा सपाट बर्फावरचा एक तास, किंवा लाकडी स्लेजवर बसवून ओढणं. एका तासात माणूस बूट घालून उभा राहायला शिकतो. स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरणं, म्हणजे स्नोप्लाउ, नीट जमायलाच दोन-तीन दिवस लागतात. भाड्याच्या सामानाकडेही बघा. बूट सैल असेल तर घोटा हलतो आणि स्की वळत नाही. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमच्या वजनाला बसवलेलं नसेल तर पडताना सुटत नाही आणि गुडघ्याचे स्नायुबंध जातात. वजन न विचारता स्की हातात देणाऱ्याकडून सामान घेऊच नका. खरंच शिकायचं असेल तर औलीला गढवाल निगमचे 7 आणि 14 दिवसांचे वर्ग असतात आणि गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे. प्रवेश थेट तिथेच घ्या. चार दिवसच हातात असतील, लहान मुलं सोबत असतील, तर आमचं मत गुलमर्ग. श्रीनगरपर्यंत विमान आणि पुढे 50 किलोमीटर. औलीला ऋषिकेशहून अडीचशे किलोमीटर घाटरस्ता आहे. जाता-येता दोन दिवस त्यातच संपतात.

हमखास बर्फाची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. नाताळपेक्षा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बरा, मुलांच्या शाळेचं जमत असेल तर.

पैसे देताना यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा. कंपनीऐवजी माणसाचं नाव आलं तर थांबा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. कार्ड स्वीकारत असतील तर क्रेडिट कार्डाने भरा, निदान बँकेकडे वाद नोंदवता येतो.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा असते. एजंट खरा आहे पण कबूल केलेलं दिलं नाही, असं असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुंबईच्या माणसाला त्यासाठी श्रीनगर किंवा डेहराडून गाठावं लागत नाही. मुदत 2 वर्षांची आहे, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीला जोडायला व्हॉट्सॲपवरचा तो पहिला तक्ता लागेल. तो डिलीट करू नका, आणि ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जात असतील तर आजच जपून ठेवा.