आजी-आजोबांचं ऑपरेशन, रात्रीचा भ्रम आणि झोपेच्या गोळ्या: कोणती बरी?

खुब्याचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सत्तरी ओलांडलेला पेशंट सलाइन उपटतो, मुलीला ओळखत नाही, "मला दादरला सोडा" म्हणून उठू पाहतो. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. मग नातेवाईक सिस्टरच्या मागे लागतात, "काहीतरी झोपेचं द्या." पण झोपेची म्हणून मिळणारी प्रत्येक गोळी सारखी नसते, आणि हा विषय भरती होतानाच डॉक्टरांकडे काढायला हवा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या झोप आणतात, पण म्हाताऱ्या मेंदूत भ्रम वाढवू शकतात. खाजेसाठी किंवा गुंगीसाठी दिलं जाणारं अ‍ॅव्हिलही त्याच माळेतलं. माझ्या यादीतून हे दोन्ही बाद. मात्र घरी वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका. अचानक तुटली तरी भ्रम होतो, दारूचंही तसंच. लाजेखातर या गोष्टी लपवल्या जातात आणि रात्री महागात पडतात.

मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक. 2011 साली कॅनडातल्या छोट्या अभ्यासात भ्रम होऊच नये म्हणून अर्धा मिलिग्रॅम देऊन भ्रमाचं प्रमाण 31 टक्क्यांवरून 12 वर आलं आणि सगळे हुरळले. पण 2014 मध्ये नेदरलँड्समध्ये खुबा मोडलेल्या 378 जणांवर 3 मिलिग्रॅम वापरून पाहिलं, तर भ्रम होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. त्रास कमी, खर्च कमी, भरवसाही कमी. डॉक्टर द्या म्हणाले तर मी अडवणार नाही, पण केमिस्टकडून 10 मिलिग्रॅमची आणून गुपचूप देणं नको.

रॅमेल्टिऑन मेलाटोनिनच्याच जागी जाऊन काम करतं. 2014 च्या जपानी अभ्यासात भ्रम 3 टक्के, गोळी न घेतलेल्यांत 32. आकडा डोळे दिपवणारा, पण पेशंट फक्त 67. नैराश्यासाठी फ्लुवोक्सामिन चालू असेल तर ही गोळी चालत नाही.

सुव्होरेक्संट जागं ठेवणारा संदेशच अडवतं. जपानमधल्याच 72 जणांच्या अभ्यासात गोळी घेतलेल्या एकालाही भ्रम झाला नाही. मग 2024 मध्ये 203 जणांवरचा निकाल आला: गोळी घेतलेल्यांत भ्रम सुमारे 17 टक्के, न घेतलेल्यांत 26. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो उतरला नाही.

या तिघांपुढे मी गोळी नसलेला उपाय ठेवते, कारण त्याच्या बाजूचा पुरावा जास्त भक्कम आहे. 1999 मध्ये अमेरिकेत 852 वृद्धांवरच्या अभ्यासात रोज चालवणं, पाणी पाजणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, रात्री कोमट दूध, पाठ चोळणं एवढ्यावर भ्रम 15 टक्क्यांवरून 9.9 वर आला. मुंबईच्या वॉर्डात हे जमवायला खटपट लागते. दिवे रात्रभर जळतात, शेजारच्या खाटेवर मोबाइल वाजतो, पहाटे रक्त काढायला येतात. रात्रीचं बीपी आणि इंजेक्शन एकाच फेरीत उरकता येईल का, हे सिस्टरना विचारावं, बऱ्याचदा ऐकतात. खिडकीजवळची खाट मागावी. रात्री थांबायला एकच पास मिळत असेल तर पहिल्या दोन-तीन रात्री घरचं माणूस थांबावं आणि ब्यूरोकडून पैसे देऊन आणलेली मावशी नंतर लावावी. भांबावलेल्या माणसाला अनोळखी चेहरा आणखी बिथरवतो. पैसे मर्यादित असतील तर ते गोळीपेक्षा आधी इथे घाला.

भ्रम सुरू झाल्यावर मात्र यातली कुठलीही गोळी मागू नका. तेव्हा कारण शोधावं लागतं: लघवी तुंबली आहे का, इन्फेक्शन आहे का, रक्तातलं सोडियम उतरलंय का, वेदना दाबून धरल्यात का. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. दिवसभर गप्प पडून राहणारा, विचारलेल्याला उत्तर न देणारा मात्र "शांत झोपलाय" म्हणून सुटून जातो. कालपर्यंत बोलणारं माणूस असं झालं तर त्याच तासाला ड्युटी डॉक्टरांना सांगा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.