पर्लच्या सबरूटीनमध्ये पॅरामीटर तपासायचे कशाने?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या सबरूटीनला, म्हणजे फंक्शनला, पॅरामीटर म्हणून काहीही द्या, ते घेतं. तीन आकडे मागणाऱ्याला दोन दिले तरी कुरकुर नाही, सात दिले तरी नाही. सगळं @_ नावाच्या एका सपाट यादीत जाऊन पडतं आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, तसला कारभार. चूक झाल्याचं कळतं ते चार फंक्शन पलीकडे, आणि तेव्हा तिथली ओळ पाहून मूळ कारण सापडत नाही.

तपासणी हवी यावर फारसं दुमत नाही. प्रश्न असतो तो कशाने करायची आणि तिची किंमत किती मोजायची. एकच उदाहरण धरून चालू: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं व्याज काढणारं सबरूटीन. पॅरामीटर तीन: मुद्दल, वार्षिक दर आणि महिने.

हाताने लिहिलेली तपासणी

सुरुवात सगळ्यांची इथूनच होते. @_ मधून तीन व्हेरिएबल काढायची, संख्या तीन नसेल तर कार्प या मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा संच) क्रोकने एरर देऊन थांबायचं, मग एकेक व्हॅल्यू बघायची. पर्लचं नेहमीचं डाय न वापरता क्रोक वापरायचं कारण साधं आहे: चूक बोलावणाऱ्याची असते, म्हणून एररमध्ये ओळ त्याचीच दिसली पाहिजे.

वेगात याला तोड नाही, कारण नेमकं हवं तेवढंच तपासलं जातं. पण प्रत्येक जण आपापल्या मनाने लिहितो आणि भोकं राहतात. मराठी माणसाला भोवेल असं एक भोक सांगतो. महिने पूर्णांक आहेत का हे बघायला बहुतेक जण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराशी जुळवायच्या नमुन्यात) 'कुठलाही अंक' या अर्थाचं बॅकस्लॅश-डी लिहितात. फॉर्ममधून आलेला मजकूर नीट डीकोड केलेला असेल, तर हा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकांनाही अंकच मानतो. कुणी मराठी कीबोर्डवरून '१२' टाकलं की तपासणी पास. पुढे गुणाकार करताना मात्र पर्लला फक्त इंग्रजी अंक कळतात, त्यामुळे त्या '१२'ची किंमत होते शून्य. व्याजही शून्य. वॉर्निंग चालू असेल तर लॉगमध्ये एक ओळ पडते, नसेल तर तीही नाही. उपाय दोन: शून्य ते नऊ अशी रेंज स्पष्ट लिहा, किंवा पर्ल ५.१४ पासून आलेला 'ए' मॉडिफायर लावा. नमुन्याच्या शेवटी डॉलरऐवजी बॅकस्लॅश-झेड (लहान लिपीतला झेड) लिहा, कारण डॉलर शेवटची नवी ओळ खपवून घेतो. दर अपूर्णांक असू शकतो, त्याला स्केलर::युटिल मॉड्यूलमधलं 'लुक्स लाइक नंबर' पुरतं. ते देवनागरी आकडे नाकारतं.

एवढं सगळं लक्षात ठेवून चाळीस सबरूटीनमध्ये न चुकता लिहिणार असाल तर हा पर्याय उत्तम. मला जमलेलं नाही.

प्रोटोटाइप: याचा विचार सोडा

सबरूटीनच्या नावापुढे कंसात दोन डॉलर लिहिलेले जुन्या कोडमध्ये दिसतात आणि ती तपासणी वाटते. ती व्हॅल्यूंची तपासणी नाही. कॉल कसा वाचायचा याची ती पार्सरला, म्हणजे कोड वाचणाऱ्या भागाला, दिलेली सूचना आहे. अशा सबरूटीनला पहिल्या जागी अ‍ॅरे (व्हॅल्यूंची यादी) दिला तर एरर येत नाही, अ‍ॅरेतल्या घटकांची संख्या आत जाते. मेथड कॉलमध्ये तर प्रोटोटाइपकडे कुणी बघतच नाही.

पर्लची स्वतःची सिग्नेचर

२०१४ मध्ये ५.२० सोबत प्रायोगिक म्हणून आलेली ही सोय २०२२ च्या ५.३६ मध्ये पक्की झाली. फाइलच्या वर 'यूज व्ही ५.३६' लिहिलं की ती आपोआप मिळते. सबरूटीनच्या कंसात थेट तीन व्हेरिएबल लिहायची, हवं तिथे डिफॉल्ट द्यायचं. संख्या कमी-जास्त झाली की प्रोग्राम थांबतो. हे रन होताना घडतं, कम्पाइल होताना नाही. जावा किंवा गो या भाषांकडून आलेल्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. ५.३८ पासून आणखी एक सोय आहे: पॅरामीटर आला पण अनडिफाइंड (किंमतच नसलेला) निघाला, तरी डिफॉल्ट लागू करता येतं.

खर्च जवळपास नाहीच. @_ मधून व्हेरिएबल काढण्याचं काम तसंही करावं लागतंच, आणि ५.२६ पासून सिग्नेचरसाठी खास अंतर्गत ऑपरेशन आहेत. पण सिग्नेचर डोकी मोजते, चेहरे बघत नाही. दराच्या जागी ग्राहकाचं नाव दिलं तरी ती आत सोडते.

चेहरे बघूनही न सापडणारी चूक वेगळीच. १ लाख मुद्दल, १२ टक्के दर, ९ महिने. कुणीतरी घाईत क्रम उलटा दिला: दर ९, महिने १२. सरळव्याज दोन्ही वेळी ९,००० रुपयेच येतं, कारण सूत्रात दर आणि महिन्यांचा नुसता गुणाकार आहे. टेस्ट पास, ऑडिट पास. मग एक दिवस तेच कॉल मासिक चक्रवाढीवर नेले जातात आणि ९,३६८.५३ च्या जागी ९,३८०.६९ येतात. १२ रुपये १६ पैशांचा फरक. असा फरक कुणाच्या डोळ्यावर येत नाही, म्हणूनच तो घातक. दोन्ही व्हॅल्यू संख्या आहेत, दोन्ही धन आहेत. टाइप, म्हणजे व्हॅल्यूचा प्रकार, तपासणारं मॉड्यूल यात काय करणार? इथे उपाय एकच, पॅरामीटर नावाने घ्यायचे. आणि नावाने घ्यायचे म्हटलं की सिग्नेचर तोकडी पडते. शेवटी हॅश (नाव-व्हॅल्यू जोड्यांचा संच) लावला तर ती जोड्या विषम असल्याचं पकडते, पण 'दर'ऐवजी 'दार' असं नाव आलं तर गप्प बसते.

मशीनवर पर्ल कोणतं आहे हेही बघा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वर ५.२६, ९ वर ५.३२, उबुंटू २२.०४ वर ५.३४, डेबियन १२ वर ५.३६. ५.३६ च्या खाली सिग्नेचर चालते, फक्त फीचर वेगळं मागावं लागतं आणि प्रायोगिकतेची वॉर्निंग बंद करावी लागते.

पॅरॅम्स::व्हॅलिडेट

डेव्ह रोल्स्की यांचं हे मॉड्यूल जुन्या कोडमध्ये सर्रास भेटतं. प्रत्येक पॅरामीटरसाठी एक वर्णन द्यायचं: आवश्यक की ऐच्छिक, प्रकार कोणता, डिफॉल्ट काय. नावाने आलेले आणि क्रमाने आलेले, दोन्ही तपासतं. अनोळखी नाव आलं तर थांबतं, म्हणजे वरचा 'दार' इथे पकडला जातो. यात सी भाषेत लिहिलेला भाग असूनही ते मंद आहे, कारण दर कॉलला ते वर्णन नव्याने वाचतं आणि मग तपासतं. शिवाय बहुतेक जण वर्णनाचा हॅश सबरूटीनच्या आतच लिहितात, म्हणजे तो हॅशही दर कॉलला नव्याने बांधला जातो. तो बाहेर काढून एकदाच बांधला तरी बरा फरक पडतो.

वेगासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून तपासणी सरसकट बंद करण्याची सोय यात आहे. डेव्हलपमेंटला चालू, प्रॉडक्शनला बंद, अशी ती कल्पना. मला ती कधीच पटली नाही. विचित्र डेटा येतो तो प्रॉडक्शनलाच.

एकदाच तयार होणारी तपासणी

नवीन कोड लिहिणाऱ्याने खरी निवड इथे करायची आहे. पॅरॅम्स::व्हॅलिडेटच्या माहितीपत्रकात रोल्स्की स्वतःच त्यांच्या दुसऱ्या मॉड्यूलकडे बोट दाखवतात: पॅरॅम्स::व्हॅलिडेशनकम्पायलर. ते शुद्ध पर्लमध्ये असूनही सीवाल्या जुन्यापेक्षा बरंच वेगवान आहे, कारण वर्णन एकदाच वाचून त्यातून पर्लचं सबरूटीन तयार केलं जातं आणि पुढे दर कॉलला फक्त ते तयार सबरूटीन धावतं. हाताने लिहिली असती तशीच तपासणी, फक्त लिहिणारा माणूस नाही. दुसरं मॉड्यूल टोबी इंकस्टर यांचं टाइप::पॅरॅम्स. ते टाइप::टायनीसोबतच येतं आणि तत्त्व तेच.

दोघांत निवड कशी करायची? तुमच्याकडे टाइप कुठले आहेत त्यावर. व्हॅलिडेशनकम्पायलर स्वतःचे टाइप आणत नाही. मूस (पर्लमधली क्लास-ऑब्जेक्टची व्यवस्था), टाइप::टायनी, स्पेसिओ यांपैकी कुठल्याही मॉड्यूलचे टाइप चालतात. मूसवर उभा मोठा प्रकल्प असेल तर तेच सोयीचं. कोरी पाटी असेल तर मी टाइप::पॅरॅम्स घेईन. टाइप आणि तपासणी एकाच जागी मिळतात, सीपॅनवरून (पर्लच्या मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडारातून) फारसं काही ओढून आणावं लागत नाही, आणि टाइप::टायनी::एक्सएस टाकलं तर काही तपासण्या सीमध्ये होतात. त्याचा पूर्णांकाचा टाइप वरचे मराठी '१२' नाकारतो. नावाने घेतलेले पॅरामीटर ऑब्जेक्ट म्हणून देण्याची सोयही आहे. हॅशमधल्या चुकीच्या किल्लीने नुसतं अनडिफाइंड मिळतं. ऑब्जेक्टवर चुकीची मेथड बोलावली की प्रोग्राम तिथेच थांबतो. चूक बोलावणाऱ्याकडून होवो की सबरूटीनच्या आत, दोन्ही बाजू बंद.

दोन्हींत एक खड्डा सारखाच आहे. तपासणी तयार करणारी ओळ सबरूटीनच्या आत साध्या 'माय' व्हेरिएबलमध्ये ठेवली तर ती दर कॉलला नव्याने तयार होते, आणि तुम्ही सगळ्यात जलद पर्यायाला सगळ्यात मंद करून ठेवता. ती दोन कॉलच्या मध्ये किंमत टिकवणाऱ्या 'स्टेट' व्हेरिएबलमध्ये किंवा फाइलच्या पातळीवर ठेवा. दुसरा खड्डा: 'आकड्यांचा अ‍ॅरे' हा टाइप प्रत्येक घटक तपासतो. १ लाख आकडे तीन थरांतून जात असतील आणि प्रत्येक थर तपासत असेल, तर ३ लाख तपासण्या. सगळ्यात बाहेरच्या दारात एकदा तपासा, आत विश्वास ठेवा.

आणि मिनिटाला एकदा क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीतून) उठून क्षणात संपणारी छोटी स्क्रिप्ट असेल तर हे सगळं उलटं होतं. तिथे मॉड्यूल लोड करण्यात आणि तपासणी तयार करण्यातच वेळ जातो, कॉल मात्र दोनचारच असतात. तिथे सिग्नेचर आणि हाताने लिहिलेल्या दोन ओळी पुरेत. दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरला लोडचा खर्च एकदाच पडतो.

जे यातलं काहीच पकडत नाही

२०१४ मध्ये बगझिला या बग नोंदवण्याच्या पर्लमधल्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली. नवीन खातं बनवताना नाव-व्हॅल्यू जोड्यांच्या यादीत खऱ्या नावासाठी वेब फॉर्ममधल्या व्हॅल्यू देणारी, सीजीआय मॉड्यूलची 'पॅरॅम' मेथड थेट बोलावली होती. ती यादीच्या संदर्भात एकाच नावाच्या सगळ्या व्हॅल्यू परत देते. हल्लेखोराने खरं नाव तीनदा पाठवलं तर जादाच्या दोन व्हॅल्यूंची एक नवी जोडी व्हायची आणि आधी पडताळलेल्या लॉगिन नावावर ती बसायची. बाकी सगळं नियमात: नावं ओळखीची, जोड्या सम, व्हॅल्यू स्ट्रिंगच. दुसऱ्या जोडीने पहिली पुसलेली असते, म्हणून हॅश बनल्यावर कुठल्याच मॉड्यूलला काही संशयास्पद दिसत नाही. इथे बोलावणाऱ्या ओळीतच 'स्केलर' लिहावं लागतं, म्हणजे एकच व्हॅल्यू मिळते. ती मेथड एकही व्हॅल्यू देणार नाही तेव्हा मात्र जोड्या सरकतात, आणि अनोळखी नावं नाकारणारी तपासणी ते बहुतेकदा पकडते.

जुना प्रकल्प हातात असेल तर बदलाची घाई करू नका. आधी एनवायटीप्रॉफखाली (कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या साधनाखाली) एक खरं काम चालवून बघा. डेटाबेसच्या एका फेरीपुढे पॅरामीटरची तपासणी बहुधा नगण्य निघते. पॅरॅम्स::व्हॅलिडेट खरोखर वरच्या ओळींत दिसलं तर पहिल्यांदा वर्णनाचे हॅश सबरूटीनच्या बाहेर काढा आणि पुन्हा मोजा. तेवढ्याने भागलं नाही तर सगळ्यात जास्त कॉल होणारी चारदोन सबरूटीन तेवढी टाइप::पॅरॅम्सवर न्या. दोन्ही मॉड्यूल एकाच प्रोग्राममध्ये सुखाने नांदतात.