जुन्या टाकोमाचे मागचे पाटे : नवा संच, हवेच्या बॅगा की नुसता एक जादा पाटा?

एका मित्राने त्याच्या २००९च्या टोयोटा टाकोमा पिकअपचा फोटो पाठवला. मागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडलेला, ट्रकचं बूड खाली आणि नाक आभाळाकडे. खाली प्रश्न : "मागून दोन इंच लिफ्ट करून घेऊ का? म्हणजे उंचीही मिळेल आणि ओढायचं कामही होईल."

नाही होत. गाडी उंच करणं आणि गाडीने ओझं पेलणं ही दोन वेगळी कामं आहेत.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ब्लॉक. पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला की गाडी तेवढी वर येते. पण पाटा जितका नरम होता तितकाच राहतो, त्यामुळे ट्रेलर जोडला की गाडी पूर्वीइतकीच बसते, फक्त बसायला सुरुवात वरून करते. शिवाय ठोकळ्यामुळे अॅक्सलला पाटे पिळायला जास्त लांब हात मिळतो. चढावर ओझं ओढताना हे मागून थडथड करून जाणवतं. लांब शॅकलची (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या दुव्याची) गत तीच : शॅकल २ इंच वाढवलं की उंची साधारण १ इंच वाढते, ताकद काहीच नाही. रिकाम्या गाडीची ऐट हवी असेल तर खुशाल करा. ओढायचं असेल तर हे दोन्ही पर्याय मी बघतसुद्धा नाही.

मग उरतं काय? पहिला पर्याय आपल्या ओळखीचा. गावाकडे माल वाहणाऱ्या पिकअपला कुणीही सांगेल, "एक पाटा वाढवून घे." इथे मिशिगनमध्ये त्याच गोष्टीला 'अॅड-अ-लीफ' म्हणतात. जोडीला शंभर-दोनशे डॉलर, वर मजुरी. मी आधी हेच केलं आणि फसलो. दुकानदाराने आखूड पाटा दिला, तोही पंधरा वर्षं बसलेल्या जुन्या पाट्यांमध्ये. आखूड पाट्याचं टोक जिथे संपतं, तिथेच वरचा पाटा मोडू बघतो. रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडायची आणि वर्षभरात सगळं पुन्हा पाऊण इंच खाली आलं. मूळ पाटे धड असतील आणि नवा पाटा पूर्ण लांबीचा असेल, तरच हा सौदा बरा. थकलेल्या पाट्यांवर नवा पाटा म्हणजे विटलेल्या सदऱ्याला नवी कॉलर.

दुसरा पर्याय हवेच्या बॅगा. अपघातात फुगतात त्या नव्हेत. चासी आणि अॅक्सल यांच्यामध्ये बसणारे जाड रबरी फुगे. फायरस्टोन आणि एअर लिफ्ट ही त्यातली नेहमीची नावं. ज्यांच्या गाडीमागे कधीतरीच ट्रेलर लागतो त्यांच्यासाठी यासारखं सोयीचं काही नाही. जोडला की हवा भरा, सोडला की काढा. मात्र पूर्ण काढायची नाही, नाहीतर बॅग चिमटून फाटते. बऱ्याच बॅगांना निदान ५ पीएसआय लागते. डाव्या-उजव्या बॅगेला वेगळी नळी घ्या, एकाच नळीवर दोन्ही असल्या तर वळणावर हवा इकडून तिकडे पळते. पण उंचीसाठी बॅग वापरू नका. लिफ्ट केलेल्या गाडीत ती आधीच ताणलेली असते, आणि खडबडीत वाटेवर एक चाक खाली लोंबलं की आणखी ताणली जाते. शिवाय पाट्याचा भार चासीवर दोन टोकांना वाटला जातो, बॅगेचा एकाच ठिकाणी पडतो. टाकोमाची चासी मागच्या बाजूला बंद चौकोनी नसून उघड्या 'सी' आकाराची आहे. त्यात गंज असेल तर मी बॅग लावणार नाही.

तिसरा पर्याय पाट्यांचा अख्खा नवा संच. ओल्ड मॅन इमूसारख्या ब्रँडचे संच रिकामी गाडी, मध्यम ओझं, कायमचं ओझं अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतात. खर्च बॅगांच्या दुपटी-तिपटीने. पण उंची आणि ताकद दोन्ही एकदम देणारा हाच एक. निवडताना फुशारकी मारू नका : हौद्यात नेहमी काही नसेल आणि तुम्ही जड संच घातला, तर रोज ऑफिसला जाताना कंबर त्याचा हिशेब मागेल.

आणि हिशेब खरंच करा. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ११५० पौंड लिहिलंय, म्हणजे माणसं आणि सामान धरून गाडीवर एवढंच ओझं चालतं. ४००० पौंडांच्या कॅम्परचं १२ टक्के वजन हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) धरलं तर ४८० गेले. घरचे चौघं ५२०. उरले १५०, आणि हौद्यावर फायबरचं झाकण बसवलं की तेही संपले. हा आकडा कुठल्याच पाट्याने वाढत नाही. आणखी एक, हिच अॅक्सलच्या मागे साधारण ४ फूट असतो, दोन अॅक्सलमधलं अंतर सुमारे १०.६ फूट. म्हणजे ते ४८० पौंड पुढच्या चाकांवरचे जवळपास १८० पौंड उचलून मागे टाकतात. फोटोतलं आभाळाकडे गेलेलं नाक ते हेच. बॅगांनी बूड वर येतं, गाडी सपाट दिसते, पण पुढचं वजन परत येत नाही; त्याला वेट डिस्ट्रिब्युशन हिचच (वजन पुढच्या चाकांवरही वाटणारा हिच) लागतो.

काही विकत घेण्याआधी गाडीखाली आडवे व्हा. २००५ ते २०११च्या फोर बाय फोर आणि प्रीरनर (उंच, पण फक्त मागची चाकं ओढणाऱ्या) टाकोमाचे मागचे पाटे ताणाने आणि गंजाने तुटू शकतात म्हणून टोयोटाने २०१४च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ६,९०,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचं ते काम झालंय का, हे व्हीआयएन (चासी) नंबर टाकून एनएचटीएसए या अमेरिकी रस्ते-सुरक्षा खात्याच्या साइटवर दिसतं. मग चासीवर हातोडीने टकटक करा. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पाट्यांचे पैसे खिशातच ठेवा.

मित्राला मी मध्यम ताकदीचा नवा संच सांगितला. त्याचे पाटे इतके बसले होते की शॅकल जवळजवळ आडवं झालं होतं, आणि दर दुसऱ्या शनिवारी तो तळ्यावर जातो. वर्षातून दोनदाच जाणारा असता आणि पाटे शाबूत असते, तर बॅगाच सांगितल्या असत्या. संच बसवताना पाटे अॅक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. ते पुन्हा वापरायचे नसतातच, नवे आणून ठेवा. गाडी सुरू करून सिग्नलवरून निघाल्यावर खालून घरघर आली. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला होता. मधल्या बेअरिंगखाली स्पेसर घातल्यावर थांबली. ५०० मैलांनी यू-बोल्ट पुन्हा आवळायला तो येणार आहे, तेव्हा हेडलाइटही खाली करून घेऊ. सध्या समोरून येणारे सगळे त्याला डिपर मारतायत.