बॅरिएट्रिक ऑपरेशनआधी इंजेक्शन की गोळी? किडनीच्या बाजूने पाहिलं तर

वजन घटवण्याच्या (बॅरिएट्रिक) ऑपरेशनला दोन-तीन महिने आहेत, मधुमेह जुना आहे आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, जाऊ लागलंय. अशा वेळी दोन नावं हमखास कानावर येतात: आठवड्यातून एकदा टोचायचं सेमाग्लुटाइड आणि रोजची डापाग्लिफ्लोझिनची गोळी.

नुसतं वजन पाहायचं तर वादच नाही, इंजेक्शन कितीतरी पुढे. किडनीचं तसं नाही. 2020 च्या डापा-सीकेडी चाचणीत गोळीने किडनी ढासळण्याचा आणि किडनी वा हृदयविकाराने मृत्यूचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला. 2024 च्या फ्लो चाचणीत सेमाग्लुटाइडने 24 टक्क्यांनी. म्हणून गोळी जिंकली असं मात्र नाही. मोजमापं जवळपास सारखी असली तरी दोन्हीकडचे रुग्ण वेगळे.

खरी गफलत होते ती ऑपरेशनच्या तोंडावर. गोळी किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते. त्याआधी यकृत आक्रसावं म्हणून दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार देतात. पोटात जेमतेम अन्न आणि वर ही गोळी, म्हणजे ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसत असतानाच रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) घातक प्रमाणात साचू शकतात. त्यामुळे गोळी कधी बंद करायची हे आहार सुरू होण्याआधीच विचारून घ्या. इंजेक्शनची अडचण निराळी: जठर हळू रिकामं होतं, आणि भूल दिल्यावर त्यातलं फुफ्फुसात जाण्याची भीती असते. भूलतज्ज्ञाला ‘शुगरचं औषध चालू आहे’ एवढंच सांगू नका. नाव, डोस, शेवटचं कधी टोचलं, सगळं सांगा. त्यातून उलट्या-जुलाब होत असतील तर किडनीला पहिला फटका पाणी कमी पडण्याचाच.

माझा कल? अल्ब्युमिन जास्त असेल तर गोळी, वजनामुळे ऑपरेशनच अवघड होत असेल तर इंजेक्शन. काहींना डॉक्टर दोन्ही देतात.

नंतरची गोष्ट औषधापेक्षा ऑपरेशनच्या प्रकारावर जास्त ठरते. जठराच्या बायपासनंतर (जठर लहान करून आतड्याचा काही भाग वगळतात) न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मोकळं राहिलेलं ऑक्झलेट (अन्नातला एक घटक) रक्तात शोषलं जातं आणि मुतखडे होतात. स्लीव्हमध्ये, म्हणजे नुसतं जठर कापून अरुंद करतात त्यात, हा धोका बराच कमी. अळू घशाला खाजवतं ते याच ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे. अळू-पालक रोज नको, आणि खाल तेव्हा सोबत दही घ्या. पाणी घोटाघोटाने, दिवसभर. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन नको. किडनी आणि बायपासचा जोड, दोघांनाही ते बाधतं.

आणि वर्षभराने क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) उतरलं म्हणून पेढे वाटायची घाई नको. स्नायू घटले तरी ते उतरतं. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन आणि जमलं तर सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्तचाचणी) तपासून घ्या.